हॉकी विश्वचषक: नांदेडच्या मैदानावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नांदेडच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. पोरं 'पीटीचे सर' म्हणतात. हॉकीची मोठी स्पर्धा जवळ आली की शाळेच्या फाटकापाशी, चहाच्या गाड्यावर, अगदी लग्नाच्या पंगतीतही लोक गाठून तेच ते प्रश्न विचारतात. पंगतीत बसून पेनल्टी कॉर्नर समजावता येत नाही, वरण सांडतं. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. काही प्रश्न ज्या बोलीत आले त्याच बोलीत ठेवलेत.

पुरुषांचा हॉकी विश्वचषक यंदा कधी आणि कुठे आहे?

१५ ते ३० ऑगस्ट २०२६. बेल्जियम आणि नेदरलँड्स हे दोन देश मिळून भरवतायत. सामने बेल्जियममधल्या वाव्र आणि नेदरलँड्समधल्या ॲमस्टलव्हीन या गावांत होतील. संघ १६. महिलांचा विश्वचषकही याच दिवसांत, याच दोन ठिकाणी आहे, तेव्हा मुलींचे सामने चुकवू नका. आमच्या शाळेत बरी हॉकी मुलीच खेळतात, हे जाता जाता सांगतो.

सामने आपल्याकडे किती वाजता दिसतील? रात्रभर जागावं लागेल का?

नाही. ऑगस्टमध्ये तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. तिथे दुपारचे दोन, तर आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. तिथले रात्रीचे आठ म्हणजे मात्र आपले साडेअकरा. श्रावण नुकताच लागलेला असेल. १७ ला नागपंचमी आहे आणि २८ ला राखीपौर्णिमा. २९ ऑगस्ट हा ध्यानचंद यांचा जन्मदिवस, म्हणजे आपला राष्ट्रीय क्रीडा दिन. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, स्पर्धा संपते.

भारत पात्र ठरलाय ना?

ठरलाय. सप्टेंबर २०२५ मध्ये बिहारच्या राजगीरला आशिया चषक झाला. तिथे अंतिम सामन्यात आपण दक्षिण कोरियाला ४-१ असं हरवलं आणि थेट तिकीट मिळवलं.

सर, आपण विश्वचषक किती वेळा जिंकलो?

एकदा. हे ऐकून पोरांचे चेहरे पडतात, कारण ऑलिंपिकची आठ सुवर्णपदकं त्यांना तोंडपाठ असतात. विश्वचषक सुरूच झाला १९७१ मध्ये, आणि तोवर आठातली सात सुवर्णं आपल्या खिशात होती. म्हणजे आपला सुवर्णकाळ सरत आला तेव्हा ही स्पर्धा जन्माला आली.

१९७१ ला आपण तिसरे आलो. १९७३ ला अंतिम सामना याच ॲमस्टलव्हीनला होता. नेदरलँड्सविरुद्ध २-० अशी आघाडी होती, ती गेली, २-२ झालं आणि पेनल्टी स्ट्रोक्सवर कप गेला. यंदा संघ त्याच गावी जातोय, म्हणून जुनी माणसं या स्पर्धेकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतायत.

आणि मग १९७५, क्वालालंपूर. हे मी पाहिलेलं नाही, वडिलांकडून इतक्यांदा ऐकलंय की पाहिल्यासारखंच झालंय. ते तेव्हा कापसाच्या गिरणीत होते. स्टेशनाजवळच्या एका हाटेलात रेडिओ काउंटरवर ठेवलेला, आणि ज्याने चहा घेतला नसेल त्याने बाहेर उभं राहून ऐकायचं, असा मालकाचा नियम. जसदेव सिंग यांची हिंदी कॉमेंट्री. उपांत्य सामना मलेशियाशी, त्यांच्याच देशात, आणि आपण १-२ असे मागे. वेळ संपत आलेली. अस्लम शेर खान या बदली खेळाडूला आत पाठवलं. त्याने गळ्यातला ताईत ओठांना लावला आणि पेनल्टी कॉर्नरवर गोल मारला. जादा वेळेत हरचरण सिंगने सामना काढून दिला. ताईत काही रेडिओवर दिसला नव्हता. पण वडील ती गोष्ट सांगताना दरवेळी स्वतःच्या शर्टाच्या आत हात घालायचे.

अंतिम सामना १५ मार्चला, पाकिस्तानशी. पहिला गोल त्यांचा. सुरजित सिंगने बरोबरी केली आणि अशोककुमारने दुसरा मारला. हा अशोककुमार म्हणजे ध्यानचंद यांचा मुलगा. त्याचा फटका गोलच्या आतल्या कोपऱ्यावर आपटून बाहेर आला, पाकिस्तानचे खेळाडू 'गोल नाही' म्हणून भांडले, पंचांनी दिला. २-१. कर्णधार होता अजितपाल सिंग. त्या संध्याकाळी हाटेलवाल्याने बाहेर उभ्या असलेल्यांनाही चहा दिला म्हणतात. अर्धा कप.

मग त्याच्यानंतर भारत कामून हरायला लागला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याची उत्तरंही लोकांकडे तयार असतात: राजकारण, क्रिकेट, पैसा. त्यात तथ्य आहेच. पण मी आधी पायाखाली बघायला सांगतो.

१९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर, म्हणजे टर्फवर, खेळली गेली. वर्षभरापूर्वीचे आपण जगज्जेते, तिथे सातवे आलो. १९८२ चा विश्वचषक मुंबईत झाला, तो खऱ्या गवतावरचा शेवटचा. तिथे आपण पाचवे. १९८६ ला लंडनमध्ये टर्फवर विश्वचषक झाला आणि बारा संघांत भारत बारावा, पाकिस्तान अकरावा! पंधरा वर्षांपूर्वी ज्या दोन संघांपुढे जग चळचळा कापायचं, ते तळाला.

गवतावर चेंडू उडतो, थांबतो, वळतो. तो स्टिकला चिकटवून नाचवत नेणं ही आपली कला. टर्फवर चेंडू सरळ आणि सुसाट पळतो. तिथे ताकद, धाव आणि लांब पास यांना भाव. युरोपात गावोगावी टर्फ आली, आपल्याकडे बोटावर मोजण्याइतकी. आपली पोरं गवतावर, खरं तर मातीवर, शिकायची आणि मोठी झाल्यावर एकदम टर्फवर उतरायची. विहिरीत पोहायला शिकलेल्याला समुद्रात ढकलल्यासारखं.

आमच्याकडे तर मातीही धड नाही. काळी जमीन पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा, म्हणून मैदानावर मुरूम टाकतात. मुरमावर रोलर फिरवला की दोन दिवस बरं चालतं. तिसऱ्या दिवशी खडे वर येतात. पास दिला की चेंडू मध्येच खड्यावर आपटून गुडघ्याकडे उडतो. आमचा फुलबॅक चेंडू अडवताना तोंड बाजूला करतो. बाहेरचे प्रशिक्षक म्हणतात, पोरगा भित्रा आहे. भित्रा नाही हो, त्याचे समोरचे दोन दात मुरमानेच गेलेत.

पण आता तर आपण चांगलं खेळतो ना?

हो. टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीला ५-४ हरवून कांस्य, पॅरिसला २०२४ मध्ये स्पेनला २-१ हरवून पुन्हा कांस्य. पॅरिसला तर ऑस्ट्रेलियालाही ३-२ हरवलं, ऑलिंपिकमध्ये १९७२ नंतर पहिल्यांदा. ओडिशा सरकारने २०१८ पासून राष्ट्रीय संघाला पाठबळ दिलं, २०१८ आणि २०२३ चे विश्वचषक तिथे भरवले, राउरकेलात मोठं स्टेडियम उभं केलं. विश्वचषकाचं मात्र अजून जमत नाही. २०१८ ला उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सकडून १-२, आणि २०२३ ला न्यूझीलंडविरुद्ध ३-१ वरून ३-३ होऊन शूटआउटमध्ये (तो काय असतो ते पुढे सांगतो) बाहेर. नववे आलो.

मॅच सुरू व्हायच्या आधी मैदानावर एवढं पाणी कशाला मारतात?

हा प्रश्न मला पहिल्यांदा एका शेतकऱ्याने विचारला. मुलाला घ्यायला आले होते, टीव्हीवर कडेच्या फवाऱ्यांतून पाणी उडताना बघितलं आणि म्हणाले, "सर, हे तुषार सिंचन कशाला? तिथं उगवतंय का काही?"

उगवत नाही. टर्फ म्हणजे प्लास्टिकचे आखूड धागे. ते कोरडे असले की चेंडू अडखळतो, आणि खेळाडू घसरून पडला तर कातडी सोलून निघते. ओलं असलं की चेंडू काचेवरून गेल्यासारखा जातो. म्हणून सामन्याआधी आणि बहुतेक वेळा मध्यंतरातही भिजवतात. मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. आपल्या भाषेत सव्वा एकर, पन्नास गुंठे. एवढं रान एका सामन्यासाठी ओलं करायचं म्हणजे हजारो लिटर पाणी.

आता हे मराठवाड्यात बसून बघा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं होतं, सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून. पहिल्या गाडीत साधारण पाच लाख लिटर होतं. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले, कारण पिचला पाणी लागतं. त्या उन्हाळ्यात आमच्या शाळेतली पोरं घरून बाटली भरून आणायची आणि सरावानंतर उरलेलं पाणी लिंबाच्या झाडाला घालायची. कोणी सांगितलं नव्हतं. 'आपल्या गावात टर्फ झाली पाहिजे' असं मीही सभेत बोलतो, टाळ्या मिळतात. पण तिला पाणी कुठून, हे कोणी विचारलं की मी चहाचा कप उचलतो.

आंतरराष्ट्रीय महासंघालाही हे कळलंय. कमी पाण्याच्या आणि पुढे कोरड्या टर्फकडे जायचं त्यांचं धोरण आहे. पॅरिस ऑलिंपिकची टर्फ कमी पाण्यात भागणारी होती, आणि गंमत अशी की तिच्या धाग्याचं प्लास्टिक बहुतांशी उसापासून बनवलेलं. ऊस! पाणी वाचवायला ऊस कामी आला, हे आमच्याकडच्या कोणाला सांगितलं तर तो माझ्याकडे संशयाने बघतो.

मैदान निळं का असतं?

टीव्हीवर चेंडू दिसावा म्हणून. निळ्यावर पिवळा चेंडू उठून दिसतो. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून ही पद्धत रुळली.

पेनल्टी कॉर्नर म्हणजे नेमकं काय? सगळे एकदम गोलमध्ये का जाऊन उभे राहतात?

गोलसमोर जी अर्धवर्तुळासारखी रेषा असते, तिला आपण 'डी' म्हणतो. गोल मोजला जायचा असेल तर हल्ला करणाऱ्याची स्टिक चेंडूला डीच्या आत लागलीच पाहिजे. बाहेरून कितीही सणसणीत मारा, गोल नाही. बचाव करणाऱ्याने डीमध्ये चूक केली की समोरच्याला पेनल्टी कॉर्नर मिळतो.

मग असं होतं. गोलकीपर धरून पाच जण गोलरेषेमागे उभे राहतात, त्यांचे बाकीचे सहा जण मैदानाच्या मध्यरेषेपलीकडे. हल्ला करणाऱ्यांतला एक जण गोलखांबापासून दहा मीटरवर, मागच्या रेषेवरून चेंडू आत ढकलतो. डीच्या बाहेर एक जण तो अडवतो, आणि ड्रॅगफ्लिकर तो डीमध्ये ओढून फेकतो. मारत नाही, फेकतो. फरक महत्त्वाचा आहे. थेट जोरात मारलेला पहिला फटका गोलरेषा ओलांडताना ४६ सेंटीमीटरपेक्षा, म्हणजे गोलच्या आतल्या फळीपेक्षा, उंच चालत नाही. फ्लिकला ती अट नाही. म्हणून आपला ड्रॅगफ्लिकर हरमनप्रीत सिंग चेंडू वरच्या कोपऱ्यात टाकू शकतो. पॅरिसला त्याने दहा गोल केले, स्पर्धेत सगळ्यांत जास्त.

हे सगळं चेंडू निघाल्यापासून दीड-दोन सेकंदांत उरकतं. समोरून चार जण तोंडाला मुखवटे बांधून धावत येतात. चेंडूचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या लेदर बॉलइतकंच, आणि तितकाच कडक. सगळ्यात पुढे धावणाऱ्याच्या अंगावर चेंडू बसणार हे जवळपास ठरलेलं असतं. मला विचाराल तर टीव्हीने रिप्लेमध्ये गोल मारणाऱ्याऐवजी कधीतरी त्याला दाखवावं.

चेंडू पायाला लागला की लगेच शिट्टी का?

गोलकीपर सोडून कोणालाही पाय वापरायला बंदी आहे. डीमध्ये बचावपटूच्या पायाला लागला तर थेट पेनल्टी कॉर्नर. चांगले खेळाडू हेरून पायावरच मारतात. रडीचा डाव वाटतो, पण नियमात बसतो.

ऑफसाइड कसा ओळखायचा?

हॉकीत ऑफसाइड नाही. १९९० च्या दशकातच काढून टाकला. तो फुटबॉलवाल्यांना लखलाभ.

सामना किती वेळाचा? मामा म्हणतो पस्तीस मिनिटांचे दोन हाफ.

मामा जुन्या काळातला आहे. आता पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग असतात.

कार्डांचा हिशेब सांगा.

हिरवं म्हणजे दोन मिनिटं बाहेर. पिवळं म्हणजे किमान पाच मिनिटं. लाल म्हणजे उरलेला सामना बाहेर, आणि त्याच्या जागी दुसरा नाही. पॅरिसला ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदासला दुसऱ्याच भागात लाल कार्ड मिळालं. चाळीसहून जास्त मिनिटं आपण दहा जण खेळलो, १-१ राखलं आणि शूटआउट ४-२ असा जिंकलो. श्रीजेश गोलमध्ये होता म्हणून. तो आता निवृत्त झालाय, तेव्हा यंदा शूटआउट आला तर आजीला देवापुढे आधीच बसवा.

शूटआउटमध्ये खेळाडू इकडेतिकडे फिरत का बसतो? सरळ मारत का नाही?

कारण त्याला आठ सेकंद असतात. २३ मीटरच्या रेषेवरून तो चेंडू घेऊन निघतो, समोर फक्त गोलकीपर. तो गोलकीपरला झुलवतो, गोलकीपर त्याचे सेकंद खातो. जुना पेनल्टी स्ट्रोक वेगळा. तो साडेसहा मीटरला किंचित कमी अंतरावरून, चेंडू एका जागी ठेवून. २०१८ चा कप बेल्जियमने आणि २०२३ चा जर्मनीने शूटआउटवरच नेला.

सगळ्यात जास्त वेळा कप कोणी जिंकलाय?

पाकिस्तानने, चार वेळा: १९७१, १९७८, १९८२ आणि १९९४. नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया आणि जर्मनी यांचे तीन-तीन. आपला आणि बेल्जियमचा एकेक. विश्वचषकाची कल्पनाच मुळात पाकिस्तानच्या एअर मार्शल नूर खान यांनी लावून धरली होती.

हॉकी आपला राष्ट्रीय खेळ आहे, हे परीक्षेत लिहायचं का?

लिहू नको बाळा. २०१२ मध्ये माहितीच्या अधिकारात विचारलं तेव्हा क्रीडा मंत्रालयाने कळवलं की कुठलाही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. पण पेपर तपासणाऱ्या बाई जुन्या पुस्तकातून शिकल्या असतील तर मार्क जाईल, त्याला माझा इलाज नाही.

आपल्या महाराष्ट्रातलं कोणी विश्वचषक खेळलंय का?

धनराज पिल्ले. पुण्याजवळच्या खडकीचा. १९९० ते २००२ असे सलग चार विश्वचषक आणि १९९२ ते २००४ अशी चार ऑलिंपिकं खेळला. लहानपणी मोडक्या स्टिका बांधून खेळायचा. मुंबईचा युवराज वाल्मीकी २०१४ चा विश्वचषक खेळला.

आणि मराठवाड्यात? इथं हॉकी कोण खेळतं?

नांदेडला या! गुरुद्वाऱ्याच्या गावात हॉकी घराघरात आहे. गुरू गोविंदसिंगजींच्या नावाची सुवर्ण आणि रौप्य चषकाची अखिल भारतीय स्पर्धा इथे कित्येक वर्षं होते. देशभरातून संघ येतात. थंडीच्या सकाळी धुक्यात स्टिकांचा टकटक आवाज आधी येतो आणि खेळाडू नंतर दिसतात. बघायला तिकीट लागत नाही. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे, होतकरू पोरांना तिथली वाट दाखवावी.

मुलाला हॉकीत घालायचंय. स्टिक कसली घ्यावी? तो डावखुरा आहे.

डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसतेच. नियमाने सगळ्यांची स्टिक एकाच बाजूची, आणि चेंडू फक्त सपाट बाजूने मारायचा. डावा हात वर, उजवा खाली. डावखुऱ्यांना उलट फायदा होतो, कारण स्टिक फिरवायचं काम वरच्या डाव्या हाताचं.

सुरुवातीला लाकडीच घ्या. जुन्या पद्धतीची स्टिक तुतीच्या लाकडाची असते. हो, तीच तुती, जिचा पाला आपल्या बीड-जालन्याकडे रेशमाच्या किड्यांना घालतात. वरच्या दर्जाला आता कार्बन फायबरची असते, ती मुरमावर घासून वाया घालवू नका. उभं राहिल्यावर स्टिक साधारण कमरेच्या हाडापर्यंत यावी. आणि नडगीचे पॅड व तोंडातला माउथगार्ड स्टिकच्या आधी घ्या. दातांची गोष्ट वर सांगितलीच आहे. शाळेच्या खरेदीवर विसंबू नका. एका वर्षी आमच्याकडे वीस स्टिका आल्या, पहिल्याच आठवड्यात सहांचे दांडे उभे चिरले. कपाटात अजून आहेत, हिशेबासाठी.

सर, टर्फ नाही तर ड्रॅगफ्लिक शिकायचा कुठं?

सातवीतल्या पोराचा प्रश्न. मुरमावर चेंडू ओढला की तो दोन इंचांवर अडतो आणि मनगटाला झटका बसतो, तिथे होणार नाही. पण आपल्या शाळेच्या व्हरांड्याला शहाबादी फरशी आहे. शनिवारी सकाळी मावशी ती पाण्याने धुतात. फडकं मारायच्या आधी दहा मिनिटं फरशी ओली असते, आणि तेव्हा चेंडू तिच्यावरून टर्फसारखाच पळतो. पलीकडच्या भिंतीला जुनी सतरंजी टांग, म्हणजे आवाज होणार नाही. मावशींना मी सांगून ठेवलंय. मुख्याध्यापकांना नाही.